ती गाडी मोडीत का निघाली होती?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा लातूरचा. मागच्या वर्षी एमएससाठी डॅलसजवळ आलो. आता इंटर्नशिप मिळाली आहे, पण ऑफिस ३५ मैलांवर आहे आणि तिकडे बस जात नाही. एक गाडी सापडली आहे. २०१८ ची होंडा सिव्हिक, ६२ हजार मैल, किंमत ८,९०० डॉलर. तशीच गाडी दुसरीकडे १५,४०० च्या खाली मिळत नाही. टायटलवर ‘रीबिल्ट सॅल्व्हेज’ लिहिलंय. विकणारा म्हणतो, फक्त बंपरला लागलं होतं, इथले इन्शुरन्सवाले ओरखडा आला तरी गाडी टोटल करतात. मी चालवून पाहिली, मस्त पळते. रूममेट म्हणतात घेऊन टाक, चौघं मिळून गॅसचे पैसे भरू. बाबांनी आधीच शैक्षणिक कर्ज काढलंय, त्यांच्याकडे आणखी पैसे मागायची लाज वाटते. तो माणूस शनिवारपर्यंत रोख मागतोय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. घेऊ का?

उत्तर : शनिवारी पैसे देऊ नकोस. आधी हे सगळं वाच, त्याला दोन-तीन गोष्टी विचार आणि मग ठरव. त्यात आठवडा गेला तर जाऊ दे. ही गाडी हातची गेली तर दुसरी मिळेल.

मी न्यू जर्सीत बारा वर्षं एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम विभागात होते. ठोकलेल्या, बुडालेल्या, चोरीला जाऊन सापडलेल्या गाड्यांच्या फायली दिवसभर माझ्या टेबलावर असत. गाडी ‘टोटल’ ठरवणारे कागद मी स्वतः कितीतरी वेळा भरले आहेत. म्हणून तो माणूस जे सांगतोय त्यात खरं किती, तिथूनच सुरुवात करते.

त्यात थोडं खरं आहे. गाडी टोटल होते ती हिशेबाने. अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची बाजारात किंमत किती होती आणि दुरुस्तीला किती लागतील, हे दोन आकडे शेजारी ठेवतात. दुरुस्तीचा आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की कंपनी मालकाला पैसे देऊन गाडी ताब्यात घेते आणि टायटलवर ‘सॅल्व्हेज’चा, म्हणजे मोडीत निघाल्याचा, शिक्का बसतो. तीच गाडी नंतर कुणी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली की ‘रीबिल्ट’ म्हणतात. टायटल म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासारखा मालकीचा कागद, फरक एवढाच की इथे गाडीचं मोडणं त्या कागदावरच लिहिलं जातं. ही मर्यादा प्रत्येक राज्यात वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये किमतीच्या ७५ टक्के, फ्लोरिडात ८० टक्के. त्यामुळे तीन हजार डॉलर किमतीच्या जुन्या गाडीचा दरवाजा आणि फेंडर गेला तरी ती टोटल होऊ शकते. गारपिटीने टपावर शेकडो पोचे पडलेली गाडीही टोटल होते, आणि तिच्या इंजिनाला काही झालेलं नसतं. अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत वाईट नाही.

पण तुझ्या राज्याचा नियम बघ. टेक्सासमध्ये मर्यादा १०० टक्के आहे, आणि त्या हिशेबात रंगकामाचा खर्च धरत नाहीत, विक्रीकरही धरत नाहीत. म्हणजे नुसते सुटे भाग आणि मजुरी मिळून गाडीच्या पूर्ण किमतीच्या वर गेली पाहिजे. ही सिव्हिक दोन-तीन वर्षांपूर्वी ठोकली गेली असेल तर तिची किंमत तेव्हा आजच्यापेक्षा कमी नक्कीच नसणार. बंपर सेन्सरसकट बदलला तरी फार तर दोन-अडीच हजार. मधले बारा-तेरा हजार कशाला लागले? कंपन्या कधी कधी मर्यादा गाठायच्या आधीच हात वर करतात, सुटे भाग महिनोन्‌महिने मिळत नाहीत म्हणूनही करतात, हे मी नाकारत नाही. शिक्का दुसऱ्या राज्यातलाही असू शकतो. पण साध्या बंपरसाठी एवढी नवी गाडी सोडून देणारी कंपनी मी बारा वर्षांत पाहिली नाही.

म्हणून सगळ्यात मोठा प्रश्न हा, की ती गाडी मोडीत का निघाली होती? ‘रीबिल्ट’ या शब्दात त्याचं उत्तर मिळत नाही. समोरून ठोकली की कुशीत, पाण्यात बुडाली की चोरांनी चाकं-सीटा काढून नेल्या, हे तुला कळल्याशिवाय ८,९०० ही किंमत स्वस्त की महाग हे कुणीच सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही.

टोटल झाल्यावर गाडीचं पुढे काय होतं तेही सांगते. कंपनी ती लिलावात काढते. कोपार्टसारख्या लिलाव कंपन्यांच्या मैदानांवर अशा हजारो गाड्या ओळीने उभ्या असतात. तिथून काही भंगारात जातात, काही जहाजात चढून परदेशी जातात, आणि काही इथलाच एखादा माणूस घेतो, नीट करतो आणि विकतो. त्यात प्रामाणिक कारागीर आहेत. मी त्यांच्याशी बोललेली आहे, त्यांचं काम पाहिलंय. पण हिशेब त्यांनाही सुटत नाही. कंपनीला जी दुरुस्ती पंधरा हजारांना परवडली नाही ती तो चार-पाच हजारांत बसवतो, तेव्हाच त्याला नफा सुटतो. मग काटकसर कुठे होते? जी गिऱ्हाइकाला दिसणार नाही तिथे. रंग चकचकीत असतो, सीट कव्हर नवी असतात, काचा लख्ख असतात.

सगळ्यात आधी काटकसर होते ती एअरबॅगमध्ये. समोरून जोरात धडक बसली की स्टीअरिंगमधली आणि डॅशबोर्डमधली बॅग फुटते, सीटबेल्ट आवळून धरणारी यंत्रणाही एकदाच चालते. हे सगळं कंपनीचं नवं घालायचं तर काही हजार डॉलर लागतात. म्हणून कुणी नुसतं झाकण बसवून मोकळा होतो. कुणी ऑनलाइन मिळणारी स्वस्त नक्कल घालतो, आणि ती नसण्यापेक्षाही वाईट. २०२४ च्या जुलैमध्ये इथल्या केंद्र सरकारच्या रस्ता सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, अशाच नकली इन्फ्लेटरबद्दल, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागाबद्दल, जाहीर इशारा दिला. जुन्या अपघातानंतर असे स्वस्त इन्फ्लेटर बसवलेल्या गाड्या पुन्हा धडकल्या, तेव्हा बॅग फुगायच्या ऐवजी धातूचे तुकडे चालकाच्या छातीवर, मानेवर, चेहऱ्यावर उडाले. त्या वेळपर्यंत त्यात तीन माणसं गेली होती. ज्या धडकेतून ती वाचू शकली असती, त्यातच गेली.

एक गोष्ट तू स्वतः बघू शकतोस. गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही, तर जास्त घाबर; दिवाच काढून टाकलाय किंवा यंत्रणेला फसवलंय. पण दिवा नीट लागून विझला म्हणून आत खरी बॅग आहे असंही होत नाही, कारण दोन पैशांचा रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला ‘सगळं ठीक आहे’ असं भासवता येतं. ते गाडी उघडून बघणाऱ्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट सांगाडा. आजच्या गाड्यांची पुढची आणि मागची बाजू मुद्दाम चुरगळेल अशी बनवलेली असते, म्हणजे धडकेचा जोर तीच पिऊन टाकते आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. एकदा चुरगळलेला भाग ओढून सरळ केला, चुकीच्या जागी कापून जोडला, जास्त ताकदीच्या पोलादाला नको तेवढी उष्णता दिली, की पुढच्या धडकेला तो ठरल्याप्रमाणे वागत नाही. गाडी मात्र मस्त पळते. तू चालवून पाहिलीस आणि तुला काही जाणवलं नाही, यात तुझी काही चूक नाही. पंधरा मिनिटांच्या फेरीत ते मलाही जाणवलं नसतं.

तुला वाटत असेल, रीबिल्ट टायटल दिलंय म्हणजे सरकारने तपासलं असेलच. आपल्या मुलांचा सगळ्यात जास्त घात हाच समज करतो. न्यूयॉर्कमध्ये सॅल्व्हेज गाडीची सरकारी तपासणी होते, पण ती कशासाठी? गाडीत चोरीचे भाग नाहीत ना, हे बघायला. सुरक्षिततेचा दाखला ती देत नाही, आणि तिथलं खातं हे स्वतःच स्पष्ट सांगतं. टेक्सासने तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. तुझ्या डॅलस भागात धुराची तपासणी अजून होते, पण ब्रेक आणि चाकं दरवर्षी कुणी बघणार नाही. मग या गाडीचा सांगाडा तुझ्यासाठी कोण बघणार? तूच पैसे देऊन एखाद्याला दाखवलास तरच बघितला जाईल.

आता पाण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं. होबोकन, जर्सी सिटी आणि किनाऱ्याकडच्या गावांत समुद्राचं पाणी घराघरात शिरलं. त्यानंतर कित्येक महिने माझ्या टेबलावर फक्त बुडालेल्या गाड्या होत्या. पुढे दीडेक वर्षाने आमच्या मंडळातलं एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. त्यांनी दुसऱ्या एका राज्यातून वापरलेली होंडा अकॉर्ड घेतली होती. टायटल स्वच्छ, एकही शिक्का नाही. पण काचा आपोआप खाली येत, एअरबॅगचा दिवा मधेच लागे, आणि एका रात्री टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडली, मागच्या सीटवर आठ महिन्यांची मुलगी. मी त्यांना व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून केंद्रीय नोंदींचा रिपोर्ट काढायला लावला. त्यासाठी दहा डॉलरही लागले नाहीत. नोव्हेंबर २०१२, टोटल लॉस, पूर. न्यू जर्सी. मेकॅनिकने सीटांमधलं कन्सोल उघडलं तेव्हा वायरींच्या जोडांवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढला होता. एअरबॅग कधी फोडायची हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर बहुतेक गाड्यांत तिथेच, अगदी खाली असतो. पाणी चढलं की सगळ्यात आधी तोच बुडतो. ती मुलगी दीड वर्ष जुन्या समुद्राच्या पाण्यावर बसून फिरत होती, आणि आईबापांना पत्ता नव्हता.

एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढताना असा गायब करतात, त्याला इथे टायटल धुणं म्हणतात. ते रोखायला १९९२ च्या कायद्याने एनएमव्हीटीआयएस नावाची देशभराची नोंदवही उभी राहिली, आणि २००९ पासून ती तुझ्या-माझ्यासारख्यांनाही बघता येते. इन्शुरन्स कंपन्यांना आणि भंगारवाल्यांना तिच्यात माहिती देणं बंधनकारक आहे. हे तुला का सांगते? तुझ्या गाडीवर शिक्का आहे, म्हणजे निदान लपवाछपवी नाही, असं वाटेल. पण त्या शिक्क्यामागे पूर असेल तर तो टायटलवरच्या शब्दावरून कळेलच असं नाही, आणि टेक्सासमध्ये २०१७ च्या हार्वी वादळात लाखो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. २६ जुलै २००५ च्या मुंबईनंतर आपल्याकडेही बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून गावोगावी विकल्या गेल्या. तुझ्या बाबांना विचार, त्यांना आठवत असेल. म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटपर्यंत, आणि त्यावर मातीची रेघ आहे का बघ. बेल्टच्या बुडाशी तारखेचा टॅग असतो. ती तारीख गाडीच्या नंतरची असेल तर बेल्ट बदललेला आहे, म्हणजे निदान तो खर्च कुणीतरी केलाय. डिकीतलं स्टेपनी टायर उचलून खाली गाळ बघ. सीटांचे बोल्ट गंजलेत का बघ. आत घमघमीत सुगंध मारलेला असेल तर काचा बंद करून गाडी उन्हात उभी करायला सांग आणि अर्ध्या तासाने दार उघडून वास घे.

पैशाचं बोलूया, कारण खरी चिंता तुला त्याचीच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साडेसहा हजार वाचतात असं तुला आज दिसतंय. पण रीबिल्ट टायटलच्या गाडीला बऱ्याच कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, फक्त लायबिलिटी देतात, म्हणजे तुझ्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा. टेक्सासमध्ये ती कमीत कमी ३०-६०-२५ असते : समोरच्या एका माणसाच्या इजेला ३० हजार, सगळ्यांच्या मिळून ६० हजार, मालमत्तेला २५ हजार. यातला एकही डॉलर तुझ्या गाडीसाठी नाही. उद्या पार्किंगमध्ये कुणी ठोकून पळून गेला किंवा गारा पडल्या, तर ८,९०० गेले. पूर्ण विमा देणारी कंपनी मिळाली तरी टोटल झाल्यावर ती स्वच्छ टायटलच्या गाडीइतके पैसे देणार नाही. दोन वर्षांनी नोकरीसाठी सिअ‍ॅटलला जायचं झालं आणि गाडी विकायला काढलीस, तर तूही तशाच पडेल किमतीत विकशील. अशी गाडी साधारण २० ते ४० टक्के कमीने जाते, आणि बहुतेक डीलर ती बदल्यात घेतच नाहीत. बँका तिच्यावर कर्ज द्यायला कां-कू करतात, त्यामुळे गिऱ्हाईक रोखीवालंच शोधावं लागतं. आता हा माणूस शोधतोय तसंच.

आणि तुझे रूममेट. चौघं गॅसचे पैसे भरतील, पण रोज सकाळी त्या चौघांना मागे-पुढे बसवून हायवेवर सत्तरच्या वेगाने गाडी तू चालवणार आहेस. त्या मुलांच्या घरीही कुणीतरी कर्ज काढलेलं आहे.

एवढं सांगूनही मी ‘घेऊच नकोस’ म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. पहिल्यांदा व्हिन नंबर मागितला असता. सतरा अक्षरं-आकड्यांचा असतो, समोरच्या काचेखाली आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. दोन्हीकडचा आणि टायटलवरचा एकच आहे ना ते आधी बघ. मग तो नंबर साध्या सर्च इंजिनमध्ये टाक. पुष्कळदा लिलावाच्या वेळचे फोटो अजून तिथे सापडतात, गाडी जशी आली होती तशी, फुटलेल्या एअरबॅगसकट. त्या एका फोटोने बंपरची गोष्ट खरी का खोटी ते कळेल. एनएमव्हीटीआयएसचा रिपोर्ट काढ. नंतर विकणाऱ्याकडे दुरुस्तीआधीचे फोटो माग, सुट्या भागांच्या पावत्या माग, आणि टेक्सासमध्ये रीबिल्ट टायटल घेताना भरावा लागणारा व्हीटीआर-६१ हा फॉर्म माग. त्यात कोणते मोठे भाग बदलले आणि ते कुठून आणले हे लिहावं लागतं. ज्याने मनापासून गाडी नीट केलीय तो हे सगळं अभिमानाने दाखवतो. माझ्या ओळखीचा एक कारागीर तर प्रत्येक गाडीची वहीच ठेवत असे.

टायटलवरचं नाव आणि त्या माणसाच्या लायसन्सवरचं नाव एकच आहे का, हेही बघ. नसेल तर तिथून परत फिर, पुढचं काही विचारू नकोस. दुसऱ्याच्या सहीचं टायटल हातात ठेवून गाड्या विकणारे बिनपरवान्याचे डीलर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येच भेटतात, आणि खासगी विक्रीत नंतर दाद मागायला जागा फार थोडी असते.

इथपर्यंत सगळं जुळलं, तरच दीड-दोनशे डॉलर खर्च करून गाडी एखाद्या बॉडी शॉपमध्ये लिफ्टवर चढवून घे. साध्या तेल बदलणाऱ्याकडे नको, सांगाड्याची मापं घेणाऱ्याकडे ने. आणि दुकान तू निवड. तो म्हणेल ‘माझ्या ओळखीचा आहे’, तर नको. घ्यायचं ठरलंच, तर पैसे देण्याआधी दोन-तीन इन्शुरन्स कंपन्यांना फोन करून पूर्ण विम्याचा आकडा लेखी माग. लायबिलिटीच घ्यावी लागली तर पीआयपी, म्हणजे स्वतःच्या इजेसाठीचा जोडविमा, सोडू नकोस. टेक्सासमध्ये कंपनीला ते द्यावंच लागतं, आणि नको असेल तर तुला लेखी नकार द्यावा लागतो. फॉर्म भरताना पुष्कळ मुलं न वाचता त्या नकारावर सही करून बसतात. तुझ्या स्वतःच्या आणि गाडीत बसलेल्यांच्या दवाखान्याच्या खर्चाला पहिला आधार तोच.

माझं मन मात्र दुसरीकडे ओढतंय. ८,९०० डॉलरमध्ये स्वच्छ टायटलची २०१२-१३ ची कोरोला किंवा सिव्हिक बघ, लाख-सव्वा लाख मैल चाललेली. तिच्यात ब्लूटूथ नीट चालणार नाही, रंग उडालेला असेल, सीटवर डाग असतील. तिचाही रिपोर्ट काढ, तिलाही लिफ्टवर चढव. इंटर्नशिपचे पहिले दोन-तीन पगार येईपर्यंत एखाद्या सहकाऱ्याबरोबर जा-ये जमते का तेही विचारून बघ. मॅनेजरला ईमेल करायला संकोच करू नकोस, इथे लोक यात मदत करतात. आणि बाबांना फोन कर. पैसे मागायला नाही. तू काय विचार करतोयस ते त्यांना कळू दे. ज्याने तुझ्यासाठी कर्ज काढलं, त्याला गाडीची गोष्ट नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी वाटेल.

त्या माणसाला आज संध्याकाळी एवढाच मेसेज कर : “व्हिन नंबर, दुरुस्तीआधीचे फोटो आणि व्हीटीआर-६१ ची प्रत पाठवा. बघून झालं की माझ्या पसंतीच्या बॉडी शॉपमध्ये तपासून घेईन, तपासणीचे पैसे मी देईन.” काय उत्तर येतं ते मला कळव. फोटो आले तर तेही पाठव, मी बसून नीट बघते.

तुझी,
ताई